नागपुरात राहून सिंफनी लिहायची, तर आधी बँडसाठी लिहा

सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठी अनेक भागांत लिहिलेली मोठी रचना, लिहायला शिकायची असेल तर सगळ्यात आधी एक ठरवा: ती वाजवणार कोण? रचना कागदावर कितीही देखणी असली, तरी वाजल्याशिवाय तिच्यातलं काय जमलं आणि काय फसलं ते कळत नाही. कॉम्प्युटरवर सगळंच गोड वाजतं. तिथे क्लॅरिनेटवाल्याला दम लागत नाही आणि ट्रम्पेटवाल्याचे ओठ थकत नाहीत.

पूर्ण ऑर्केस्ट्रा म्हणजे दोन-दोन फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट आणि बासून, चार हॉर्न, दोन-तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, ट्युबा, टिंपनी आणि या सगळ्यांच्या पुढे तंतुवाद्यांचा मोठा ताफा. नागपुरात व्हायोलिन वाजवणारे आहेत आणि उत्तम आहेत, पण बहुतेकांची तालीम हिंदुस्थानी पद्धतीची. बैठक मांडी घालून, तारा सा-प ला लावलेल्या, नोटेशन भातखंडे किंवा पलुस्करांचं. स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचणारे, जी-डी-ए-ई ला तारा लावणारे आणि एका धनुष्यचालीत हात हलवणारे आठ-दहा जण एका खोलीत गोळा करणं हा रचनेपेक्षा मोठा प्रकल्प होऊन बसतो.

बँडचं तसं नाही. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, शहरात पोलीस बँड आहे, शाळा-शाळांतून बँड पथकं आहेत आणि लग्नाच्या वरातीत वाजवणाऱ्यांची तर कमी नाही. लष्करी बँडवाल्यांचं प्रशिक्षण पचमढीला होतं, म्हणजे आपल्या शेजारीच, आणि तिथून तयार झालेला माणूस स्टाफ नोटेशन पेपरासारखा वाचतो. असे दोन-तीन निवृत्त वादक ओळखीचे झाले की तुमचं निम्मं शिक्षण फुकटात झालं असं समजा. वरातीतले वादक बहुतेक कानावर वाजवतात. त्यांना लिहिलेला कागद देऊन उपयोग नाही, पण तोंडी बसवलेला आठ बारचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) तुकडा ते असा उचलतात की वाचणाऱ्यांनी बघत राहावं.

बँडसाठी लिहिणं म्हणजे दुय्यम काम, असा एक समज आहे. तो काढून टाका. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने १८४० मध्ये पॅरिसच्या जुलै स्तंभाच्या समारंभासाठी मोठ्या लष्करी बँडची आख्खी सिंफनी लिहिली. तिच्यात तंतुवाद्यं नंतर जोडली गेली. पॉल हिंडेमिथची बी-फ्लॅटमधली बँड सिंफनी १९५१ सालची. अमेरिकी लष्कराच्या बँडने ती वॉशिंग्टनमध्ये पहिल्यांदा वाजवली आणि संचालन स्वतः हिंडेमिथने केलं. व्हिन्सेंट पर्सिकेटीची सहावी सिंफनीही बँडसाठीच आहे, १९५६ ची. ही परंपरा पक्की आहे आणि ती आपल्या हाताशी असलेल्या माणसांना धरून आहे.

वाचायला शिका, मग ऐकायला

ज्यांना स्टाफ नोटेशन येत नाही त्यांनी एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या थिअरीच्या परीक्षांचा अभ्यासक्रम घ्यावा. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही, पण पाचव्या ग्रेडपर्यंतचा मजकूर पक्का हवा: सगळ्या की (कोणता स्वर घर मानायचा ते), ट्रेबल, बास आणि आल्टो क्लेफ (रेघांवर कोणते स्वर ते सांगणाऱ्या खुणा), ट्रान्सपोझिशन (ओळ दुसऱ्या स्वरावरून लिहिणं), साध्या कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर). पेटी वाजवणाऱ्यांना हे लवकर जमतं, कारण काळी-पांढरीचा हिशोब बोटांत असतो. बी-फ्लॅट म्हणजे आपली काळी पाच आणि ई-फ्लॅट म्हणजे काळी दोन, हे मनात बसलं की बँडवाल्यांशी बोलताना अडखळायला होत नाही.

हार्मनी, म्हणजे एका वेळी अनेक स्वर एकत्र वापरणं, पुस्तकातून शिकता येते, पण ती गळ्यात उतरायला हवी. नागपुरात त्यासाठी सगळ्यात सोपी जागा म्हणजे सदरमधल्या चर्चचं कॉयर. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास असे चार आवाज एकत्र गाताना आपला स्वर शेजारच्याच्या स्वराला कसा घासतो आणि पुढच्या कॉर्डवर कसा सुटतो, ते तिथे कळतं. आपण मुळात एकसुरी, तानपुऱ्यावरच्या संगीतात वाढलेले. आपला कान आडवा चालतो, त्याला उभं ऐकायची सवय लागायला वेळ लागतो. चार आवाजांत मधला आल्टो धरून गाणं हा त्यावरचा रामबाण उपाय. वरची चाल गाणाऱ्याला काहीच शिकायला मिळत नाही.

प्रत्यक्ष वादन ऐकण्यासाठी मुंबईला जावं लागेल. तिथल्या एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ मध्ये सुरू झाला. रात्रीच्या दुरांतोने जाऊन एक कार्यक्रम ऐकायचा आणि परत यायचं, हा खर्च करण्यासारखा आहे. जायच्या आधी त्या कार्यक्रमातल्या रचनेचा स्कोअर, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेली प्रत, उतरवून घ्या. जुन्या, हक्कमुक्त रचनांचे स्कोअर आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळतात. बँडसाठी दरवर्षी २९ जानेवारीचं बीटिंग रिट्रीट दूरदर्शनवर बघा. चालता-चालता वाजवताना रचना किती सुटसुटीत ठेवावी लागते, ते त्यात दिसतं.

एकच स्कोअर, पण कसून

विद्यार्थी दहा सिंफनी ऐकतात आणि एकही वाचत नाहीत. त्यापेक्षा बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, घ्या आणि महिनाभर तिच्यातच राहा. ५०२ बार, वाजायला सात-आठ मिनिटं. पहिल्या वाचनात फक्त बार नंबर मांडा: एक्स्पोझिशन (थीमची, म्हणजे मुख्य चालींची, मांडणी) १२४ व्या बारपर्यंत, डेव्हलपमेंट (त्यांचा विस्तार) १२५ पासून, रिकॅपिट्युलेशन (त्यांची परतभेट) २४८ पासून आणि ३७४ च्या आसपास कोडा (समारोप). कोडा जवळजवळ एक्स्पोझिशनएवढाच लांब आहे, हे कानाला पटकन कळत नाही, आकड्यांत मात्र लगेच दिसतं. मग विचारायचं, शेवट इतका का ताणला?

दुसऱ्या वाचनात फक्त बास बघा. चेलो आणि डबल बास कोणत्या स्वरावर थांबतात, किती वेळ थांबतात.

तिसऱ्या वाचनात वाद्यांकडे. ५९ व्या बारला हॉर्न एक हाक देतात, ती दुसऱ्या थीमची चाहूल. रिकॅपिट्युलेशनमध्ये हीच हाक बासूनकडे जाते. का? त्या काळी हॉर्नला पिस्टन नव्हते. ई-फ्लॅटला लावलेल्या हॉर्नवर सी मेजरमधली ती हाक नीट निघाली नसती आणि नळी बदलायला सवड नव्हती. म्हणजे पाचवी सिंफनीसुद्धा हाताशी असलेल्या वाद्यांची अडचण सांभाळून लिहिलेली आहे. नागपुरातल्या बँडसाठी लिहिताना हे लक्षात ठेवलं की धीर येतो.

बँडच्या बाजूने गुस्ताव्ह होल्स्टचा ई-फ्लॅटमधला पहिला सूट, १९०९ चा, त्याच पद्धतीने वाचा. आठ बारची एक थीम, ती बासमध्ये सुरू होते आणि पूर्ण पहिली मूव्हमेंट तिच्यावर उभी राहते. पुढच्या दोन मूव्हमेंटही तिच्याच बीजातून निघतात. सिंफनी नसली तरी थोड्या भांडवलात मोठं घर कसं बांधायचं याचा यापेक्षा चांगला धडा नाही.

विद्यापीठात किंवा परीक्षेसाठी विश्लेषण लिहायचं असेल तर याच वाचनांचं टिपण कामी येतं. नियम एवढाच: प्रत्येक विधानाला बार नंबर द्या. ‘इथे संगीत उदास होतं’ असं लिहू नका. ‘२६८ व्या बारला सगळा ऑर्केस्ट्रा थांबतो आणि एकटा ओबो मोकळ्या लयीत बोलतो’ असं लिहा. आपल्याकडच्या प्रबंधांत चरित्र भरपूर आणि संगीत कमी असतं. संगीतकाराचा जन्म कुठे झाला ते एका ओळीत संपवा.

आराखडा: भूपातून दुर्गेकडे

आता लिखाण. पहिलीच सिंफनी चाळीस मिनिटांची करू नका. तीन मूव्हमेंट, सगळं मिळून बारा मिनिटं. पहिली मूव्हमेंट चार मिनिटांची धरू. चार मात्रांचा बार आणि मिनिटाला ११२ मात्रांची लय ठेवली, तर मिनिटाला २८ बार, म्हणजे एकूण ११२. त्यात एक्स्पोझिशनला ४०, डेव्हलपमेंटला ३२, रिकॅपिट्युलेशनला ३० आणि कोडाला १० अशी वाटणी करा. ही वाटणी पुढे मोडेल. मोडू द्या, पण सुरुवातीला असू द्या.

या वाटणीला सोनाटा पद्धत म्हणतात. तिचा गाभा म्हणजे पहिली थीम घरच्या कीमध्ये, दुसरी बाहेरच्या कीमध्ये, आणि शेवटी दुसरीलाही घरी आणायचं. रागात लिहिणाऱ्याची अडचण इथेच होते, कारण रागाचा सा हलत नाही. पण मूर्च्छना आपल्याला ठाऊक आहे. भूपाचे पाच स्वर घ्या आणि प ला सा माना, दुर्गा मिळते. ग ला सा माना, मालकंस. रे ला मानला तर मधमाद सारंग, ध ला मानला तर धानी. स्वर तेच, घर बदललं.

बँडला सोयीची काळी पाच धरू. पहिली थीम भूपात: बी-फ्लॅट, सी, डी, एफ, जी. दुसरी थीम एफ ला सा मानून दुर्गेत: एफ, जी, बी-फ्लॅट, सी, डी. एकही नवा स्वर आलेला नाही, त्यामुळे घर बदललं हे ऐकणाऱ्याला कळण्याची सगळी जबाबदारी बासवर. ट्युबा आणि युफोनियमने (ट्युबाचं धाकटं भावंड) एफ धरून ठेवायचा, थीम येण्याच्या चार बार आधीपासून. बास जो स्वर धरेल तो सा.

खरी मजा रिकॅपिट्युलेशनमध्ये. तिथे दुसरी थीम घरी, म्हणजे बी-फ्लॅटवर आणायची. दुर्गा बी-फ्लॅटवर म्हटली की बी-फ्लॅट, सी, ई-फ्लॅट, एफ, जी असे स्वर होतात. ई-फ्लॅट! आतापर्यंत एकदाही न आलेला मध्यम, आणि तो घरी परतल्यावर भेटतो. पाश्चात्य सिंफनीत घरी येणं म्हणजे तणाव संपणं. इथे घरी येताच एक नवा स्वर उजाडतो. हा परिणाम हवा असेल तर त्याआधी कुठेही ई-फ्लॅट लिहायचा नाही. हार्मनीतही नाही, म्हणजे चौथ्या स्वरावरची कॉर्ड आणि एफ सेव्हन दोन्ही बाद. सवयीने हात तिकडेच जातो. स्कोअर संपल्यावर मुद्दाम ई-फ्लॅट शोधत एकदा सगळी पानं तपासा.

याची किंमतही आहे. या पाच स्वरांत अर्धस्वराचं अंतर कुठेच नाही, त्यामुळे नि वरून सा कडे ओढ लागते तशी ओढ मिळत नाही. कॉर्डही मोजक्याच: बी-फ्लॅट मेजर, जी मायनर आणि काही लटकत्या. डेव्हलपमेंटमधला ताण मग लय, सप्तक आणि आवाजाची घनता यांतून काढावा लागतो. डी ला सा मानून मालकंसात जा, थीमचे तुकडे करा, एकाच तुकड्याला ट्रम्पेट आणि युफोनियममध्ये दोन बारांच्या फरकाने धावायला लावा.

मोठ्या भागाच्या शेवटी, जिथे पाश्चात्य संगीतात कॉर्डची कॅडेन्स, म्हणजे वाक्य संपल्यासारखा थांबा, येते, तिथे तिहाई (तीनदा म्हणून समेवर येणारा बोल) ठेवून बघा. पाच मात्रांचा बोल, एक मात्रा थांबा, पुन्हा पाच, एक थांबा, पुन्हा पाच: एकूण सतरा. पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेवर सुरू केला की दुसरी वेळ दुसऱ्या बारच्या तिसऱ्या मात्रेवर पडते, तिसरी वेळ चौथ्या बारच्या पहिल्या मात्रेवर, आणि शेवटचा आघात पाचव्या बारच्या समेवर. मधली वेळ बारच्या मध्यात पडते म्हणून लिहिणाऱ्याने तिथे आघाताची खूण द्यायलाच हवी, नाहीतर स्टाफ वाचणारा वादक सवयीने बारच्या पहिल्या मात्रेवर जोर देतो आणि तिहाई मोडते. कोणत्याही रचनेत तिहाई एकदाच. दुसऱ्यांदा आली की ती युक्ती वाटते.

मीड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र जपून. ट्रॉम्बोनवर ती सुरेख निघते, पण एका ओढीत सहा अर्धस्वरांच्या पलीकडे सळई जात नाही. पिस्टनच्या वाद्यांकडून मीड मागू नका.

वाद्यांना वाटणी

आधी सगळी मूव्हमेंट दोन किंवा तीन ओळींत लिहून काढा, पेन्सिलीने. वाद्यं नंतर. पहिल्या दिवसापासून पंचवीस ओळींचा स्कोअर उघडून बसलं की माणूस रिकाम्या ओळी भरत सुटतो. मग म्युझस्कोर घ्या, तो फुकट आहे आणि पुरेसा आहे.

नागपुरात जमू शकेल असा संच: दोन फ्लूट, तीन भागांत सहा क्लॅरिनेट, दोन आल्टो आणि एक टेनर सॅक्सोफोन, तीन ट्रम्पेट, दोन हॉर्न, दोन ट्रॉम्बोन, दोन युफोनियम, एक ट्युबा, शिवाय साइड ड्रम, बेस ड्रम, झांजा आणि ग्लॉकनस्पिल. हॉर्नवाले शेवटच्या क्षणी गळू शकतात, म्हणून त्यांच्या महत्त्वाच्या ओळी सॅक्सोफोनच्या पार्टमध्ये (त्या वादकाच्या हातातल्या कागदावर) छोट्या अक्षरांत लिहून ठेवा.

ट्रान्सपोझिशनचा गोंधळ इथे सगळ्यांचा होतो. बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट कागदावर सी वाचतात तेव्हा बी-फ्लॅट ऐकू येतो. ई-फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनला तोच ऐकू येण्यासाठी जी लिहावा लागतो, एफ हॉर्नला एफ. टेनर सॅक्सोफोन क्लॅरिनेटसारखाच वाचतो, पण आणखी एक सप्तक खाली वाजतो. म्हणजे आपला काळी पाचचा भूप क्लॅरिनेटवाल्याला पांढरी एकचा दिसतो, एकही शार्प-फ्लॅट नाही. वाचणं सोपं, म्हणून तालीम लवकर होते. मी हीच की सुचवली त्याचं निम्मं कारण हे आहे.

आवाजाच्या तोलासाठी रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हचा ठोकताळा पुरतो: जोरात वाजवताना एक ट्रम्पेट म्हणजे दोन हॉर्न, आणि एक हॉर्न म्हणजे दोन लाकडी वाद्यं. फ्लूटच्या खालच्या सप्तकात थीम दिली आणि खाली ट्रॉम्बोन ठेवले, तर फ्लूटवाला नुसता फुंकताना दिसेल. क्लॅरिनेटवर घशातले स्वर, म्हणजे लिहिलेला मधल्या सप्तकातला जी ते बी-फ्लॅट, फिके असतात. थीमचा महत्त्वाचा न्यास तिथे येत असेल तर ओळ दुसऱ्या वाद्याला द्या. आणि श्वास! आठ बारची सलग ओळ लिहिण्याआधी स्वतः गाऊन बघा.

उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. हवेत आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना सुमारे ३५५. त्यामुळे मे महिन्यात फुंकून वाजवायच्या वाद्यांचा स्वर चढतो. ग्लॉकनस्पिल मात्र जागचा फारसा हलत नाही, आणि दोघं एकत्र वाजले की कान किटतात. उन्हाळ्यात तालीम सकाळी ठेवा, पंधरा मिनिटं वाजवून झाल्यावर पुन्हा स्वर मिळवा आणि ग्लॉकनस्पिलला लांब धरलेल्या कॉर्डवर लिहू नका.

पार्ट आणि तालीम

चांगल्या रचना खराब पार्टमुळे मरतात. प्रत्येक आठ-दहा बारांनी तालमीचं अक्षर, लांब विश्रांतीनंतर शेजारच्या वाद्याची छोटी खूण, आणि पान उलटायची जागा विश्रांतीवर. सगळ्यांचे बार नंबर स्कोअरशी जुळतात ना, ते झेरॉक्सला देण्याआधी बघा. छपाईचा रंग गडद हवा, कारण तालमीच्या हॉलमध्ये उजेड नेहमी कमीच असतो.

तालमीचा मोसम निवडताना पंचांग बघा. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली की बँडवाला तुमचा नाही. आषाढी एकादशीपासून लग्नं थांबतात तेव्हा वेळ मिळतो, पण पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची मिरवणूक निघते आणि पाठोपाठ गणपती येतात. आषाढातले आठवडे आपले, त्यातच उरका. मानधन आधी ठरवा आणि तालमीचंही द्या. कार्यक्रमाच्या दिवशी देतो म्हटलं की दुसऱ्या तालमीला निम्मे येतात.

पहिल्या तालमीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवायच्या भानगडीत पडू नका. सगळ्यात अवघड वीस बार आधी घ्या, ते अर्ध्या लयीत. मग फक्त बास आणि तालवाद्यं. मग फक्त क्लॅरिनेट. मोबाईलवर रेकॉर्ड करा, पण फोन संचालकाच्या जागी न ठेवता हॉलच्या मागच्या भिंतीपाशी ठेवा. तोल तिथेच कळतो. आणि वादकांना विचारा. ‘सर, हे इथे श्वास घ्यायला जागाच नाही’ असं युफोनियमवाला म्हणाला तर वाद घालू नका, बार बदला.

बँडची आवृत्ती वाजली की ऑर्केस्ट्रासाठी लिहायला घ्या. क्लॅरिनेटच्या ओळी जशाच्या तशा व्हायोलिनला चिकटवू नका. तंतुवाद्यांना श्वासाची अडचण नाही, त्यामुळे बँडमध्ये तुकडे करून वाटलेली लांब ओळ तिथे सलग जाऊ शकते. व्हायोलिन जी च्या खाली उतरत नाही, त्याखालचं व्हायोला आणि चेलोला द्या. डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतो. आणि युफोनियमला ऑर्केस्ट्रात सहसा जागा नसते. त्याच्या ओळी चेलो आणि बासूनमध्ये वाटाव्या लागतात.

कार्यक्रम संपला की पार्ट परत गोळा करा, नावं टाकून. वादकांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा, कुठे श्वास घेतला, कुठे स्वर बदलला, कुठे ‘हळू’ असं लिहून खाली तीन रेघा मारल्या, त्या सगळ्या स्कोअरच्या पुढच्या आवृत्तीत उतरवायच्या आहेत.